वशीकरणाची पक्की पावती

लोकलच्या डब्यात दाराशेजारच्या पत्र्यावर चिकटवलेला बाबा बंगालीचा कागद ज्यानं कधी वाचलेला नाही असा मुंबईकर दाखवा आणि ५१ हजार रुपये मिळवा. (बक्षिसाची ही भाषा आमची नव्हे. त्याच कागदाच्या तळाशी 'मेरे किये को काटनेवाले को इनाम' अशी ती छापलेली असते.) तळहाताएवढ्या त्या चिठोऱ्यावर माणसाची यच्चयावत दुःखं मावतात: नोकरी, गृहक्लेश, मूठकरणी, सौतन, विदेशयात्रा, आणि सगळ्यात ठळक टायपात 'मनचाहा प्यार'. चोवीस तासांत. १०१ टक्के गॅरंटी. शंभराच्या वरचा तो एक टक्का कशाचा, हे कुणी विचारत नाही. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात, त्यातलाच तो असावा.

आता बाबा डब्यातून मोबाइलमध्ये गेला आहे. तिथे तो 'गोल्ड मेडलिस्ट' असतो. कुठल्या विद्यापीठाचा, ते विचारायचं नाही. घरबसल्या काम होतं. मुलीचा फोटो, जन्मनाव, तिच्या आईचं नाव आणि क्यूआर कोडवर ५०१ रुपये पाठवले की पुढचं सगळं बाबा बघतो.

यावर सुशिक्षित माणूसही आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतो: लागू पडतं का हो?

त्याचं उत्तर सरकारनं १८७२ सालीच देऊन ठेवलं आहे. त्या वर्षीच्या भारतीय करार कायद्याच्या छप्पनाव्या कलमात म्हटलंय की मुळात अशक्य असलेली गोष्ट करून देण्याचा करार रद्दबातल असतो. अशक्य म्हणजे काय, हे कळावं म्हणून खाली उदाहरणं दिली आहेत आणि त्यातलं पहिलंच उदाहरण जादूनं गुप्तधन शोधून देण्याच्या कराराचं आहे. आता गुप्तधन बिचारं पुरलेल्या जागी पडून असतं. ते क्लास बदलत नाही, नंबर ब्लॉक करत नाही, त्याला भाऊ नसतात. तेही जादूनं सापडायचं नाही असं कायदा म्हणतो, तर कोथरूडच्या मुलीचं मन सापडण्याची आशा किती धरावी?

पण कायदा पुरावा मागतो आणि पुरावा तर आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नाला सहा महिने झालेला मुलगा एके रात्री जेवल्यावर आपलं ताट स्वतः उचलतो. एवढ्यावर थांबत नाही, तो नळ सोडतो. घासणीला साबण लावतो. ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या हातातलं झाकण तिथल्या तिथे राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर धाकट्या बहिणीला ती दबक्या आवाजात सांगते, 'हिनं काहीतरी खायला घातलंय गं त्याला.' मावशीला आश्चर्य अजिबात वाटत नाही. साखरपुड्याच्याच दिवशी तिला त्या घरच्या चहाला कसलासा वास आला होता. वास्तविक अठ्ठावीस वर्षं मुलाला खायला घालण्याचं काम आईकडेच होतं आणि त्या काळात त्यानं साधा चमचा विसळला नव्हता. पण हा मुद्दा उपस्थित करण्याची त्या घरात कुणाची प्राज्ञा नाही. मुलगा आईचं ऐकतो तेव्हा ते संस्कार असतात. बायकोचं ऐकायला लागला की लगेच वशीकरण. मग कुणीतरी देवऋषी सुचवतो, अंगारा येतो, उशीखाली लिंबू जातं, तिठ्यावर दहीभाताचा उतारा ठेवला जातो. मुलगा भांडी घासतच राहतो, कारण दोघंही नोकरी करतात आणि बाईनं दांडी मारलेली असते.

हे सगळं हसण्यावारी जातं तोवर ठीक. पण अमुक बाई करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. तो ज्या जादूटोणाविरोधी कायद्यानं झाला, तो विधिमंडळात वर्षानुवर्षं रखडला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि आठवडाभरात वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड, अजामीनपात्र. एवढी वर्षं जे घडलं नाही, ते घडायला केवढी किंमत द्यावी लागली, यावर विनोद सुचत नाही.

आता नीतीकडे वळू. आपल्या पूर्वजांनी हा विषय वाऱ्यावर सोडला होता असं नाही. अथर्ववेदात प्रिय माणसाचं मन वळवण्याची सूक्तं आहेत. वात्स्यायनानं तर कामसूत्राचा शेवटचा, सातवा भाग याच उपायांना दिला आहे. लेप, अंजनं, चूर्णं, सगळं आहे. मात्र सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की माणूस आवडता होतो तो रूप, गुण, वय आणि हात सैल सोडण्याची वृत्ती यांमुळे. म्हणजे या चारांपैकी एकही जवळ नसेल त्यानंच पुढची पानं उलटावीत. शेवटी पथ्यंही सांगितली आहेत: संशयास्पद प्रयोग करू नयेत, शरीराला अपाय होईल असे करू नयेत, जीवहत्या लागणारे करू नयेत, घाणेरडे पदार्थ वापरू नयेत. यातलं पहिलं पथ्य पाळायचं ठरवलं तरी आजच्या सगळ्या बाबांना शटर ओढावं लागेल. समोरच्या व्यक्तीला विचारलंय का, हा मुद्दा मात्र त्या यादीत नाही. शास्त्रकारांना तो सुचला नाही आणि आपल्याला अजून फारसा पटलेला नाही.

द्रौपदीला तो निदान अर्धा पटला होता. वनपर्वात सत्यभामा तिला एकांतात गाठून विचारते, बाई, पाच नवरे आणि एकही रुसत नाही, हे जमवतेस कसं? व्रत, मंत्र की मुळी? द्रौपदी भडकते. असले उपाय बायको करतेय असा नवऱ्याला सुगावा लागला, की घरात साप शिरल्यासारखा तो धास्तावतो आणि धास्तावलेल्या माणसाला कसली शांती, असं ती सुनावते. शिवाय असल्या मुळ्यांनी पुरुषांना जलोदर झाला, कोड फुटलं, केस अकाली पिकले, कुणी आंधळे-बहिरे झाले, हेही मोजून दाखवते. ग्राहकांना दिलेला इतका स्वच्छ इशारा आजच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरांतही सापडत नाही. पण मग ती स्वतःचा उपाय सांगते: सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर झोपायचं, नवरे आणि नोकरचाकर जेवल्याशिवाय जेवायचं नाही आणि वर राज्याचा सगळा जमाखर्च एकटीनं सांभाळायचा. हे वाचून कुठल्याही बाईला वाटेल की यापेक्षा मुळी उगाळणं सोपं. यात नक्की कोण कुणाला वश झालं होतं, ते भांडारकर संस्थेनं १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली तरी कळलेलं नाही.

तेव्हा बाबाला अनैतिक म्हणण्याची घाई नको. मंत्रानं काही होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याची बेइमानी गिऱ्हाइकाच्या खिशापुरती आहे. गिऱ्हाईक मात्र मनापासून विश्वास ठेवून आलेलं असतं. मुलगी शुद्धीत, नीट विचार करून 'नाही' म्हणाली आहे आणि याला ते 'नाही' तिच्या डोक्यातून काढून हवंय. हाच प्रयोग कुणी त्याच्यावर केला, म्हणजे आईनं अंगारा चारून मामाच्या मुलीशी त्याचं लग्न लावायचं ठरवलं, तर तो घर डोक्यावर घेईल. त्याच्या मनाला किंमत आहे. तिचं काय, ते चोवीस तासांत बदलून मिळतं.

बरं, समजा लागू पडलं. चोवीस तासांत ती दारात हजर. आता रोज सकाळी ती हसली की हा विचार करणार, ही हसतेय की लिंबू हसतंय? भांडण झालं की मंत्राची मुदत संपली का, म्हणून बाबाला मिस्ड कॉल. त्यात तिचे आईवडील काही गप्प बसणार नाहीत. 'लडका-लडकी कहना न माने' ही सोय त्याच चिठोऱ्यावर, दोन ओळी खाली आहे आणि नंबरही तोच आहे. एका डायरीत दोन्ही पार्ट्या, दोघांकडूनही ॲडव्हान्स. लग्न झालंच, तरी हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जबरदस्तीनं किंवा फसवून मिळवलेल्या संमतीवरचं लग्न रद्द करून मागता येतं. मंत्र जबरदस्तीत बसतो की फसवणुकीत, यावर वकील दोन तारखा सहज काढतील.

ईबेनं २०१२ साली आपल्या बाजारात मंत्र, शाप आणि तोडगे विकायला बंदी केली. त्यामागे नीतीबिती काही नव्हती. अशा व्यवहारातल्या तक्रारी निस्तरता येईनात, एवढंच कारण होतं. आपल्याकडे तक्रारीच होत नाहीत, त्यामुळे धंदा सुखात आहे.

कारण तक्रार लिहायची कशी? 'मी अमुक तारखेस एका मुलीच्या मनाचा ताबा मिळावा म्हणून पैसे दिले, ताबा मिळाला नाही, सबब...' हे वाक्य ठाणे अंमलदारासमोर कोण उच्चारणार? बाबाचं खरं भांडवल ही लाज आहे. म्हणून ५०१ नंतर बाधा मोठी निघते. मग सामग्रीचे २१००. मग स्मशानातल्या पूजेचे ११ हजार. मग काळा बकरा, जो फोटोतसुद्धा दाखवला जात नाही. मध्येच सोडलंस तर उलटेल, घरातला माणूस जाईल, असा दम. तरीही कुणी सोडू लागलं, तर तुझे मेसेज तुझ्या घरी आणि तिच्या घरी पाठवतो, हा शेवटचा मंत्र. तो मात्र शंभर टक्के लागू पडतो. रात्री बारा वाजता फोन उचलायचा, सांगेल तितके पैसे पाठवायचे, घरात अवाक्षर काढायचं नाही. वश झालेला माणूस कसा दिसतो, हे बघायचं असेल तर त्या मुलाकडे बघावं.

अशा अवस्थेतले काही वाचक हे सदर वाचत असतील. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितका उशीर कराल तितके ते परत मिळणं कठीण. नंतर पोलीस ठाण्यात जा. वर सांगितलेला कायदा तिथल्या अंमलदाराला आठवत नसेल, तर सन २०१३ एवढं सांगा. अंमलदार हसेल, हसू द्या. आणि ज्या मुलीचा फोटो, जन्मनाव आणि आईचं नाव तुम्ही एका भामट्याच्या मोबाइलवर पाठवलंत, तिला त्याच दिवशी कळवा. ती तुमच्याशी पुन्हा कधी बोलणार नाही, पण तो फोटो कुठे गेला हे कळण्याचा हक्क तिचा आहे.