तळघरातले साडू

आमचे साडू लंडनला असतात. जमिनीवर असले की ते तसे बेताने बोलतात, कारण तिथे समोरच्याच्या फोनला रेंज असते. टॉवर ब्रिजचं साल सांगताना जरा अडखळले की आमचे चिरंजीव लगेच खिशात हात घालतात. म्हणून पाहुण्यांचे पहिले दोन दिवस साडू कसेबसे काढतात आणि तिसऱ्या दिवशी जाहीर करतात, "चला, आता खरं लंडन दाखवतो." खरं लंडन म्हणजे पिकॅडिली सर्कसच्या मागे, शेरवुड स्ट्रीटवरच्या तळघरातलं एक फ्रेंच हॉटेल. नाव ब्रासरी झेडेल.

असा साडू एकट्या आमच्याच नशिबी आहे असं समजू नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. तिथल्या गणपतीत चक्कर मारा, असे चार-पाच तरी भेटतील. ऐन तारुण्यात बॅगेत मेतकूट घेऊन उतरलेले, आता चीजचे प्रकार चढत्या वासाच्या क्रमाने सांगणारे. ते एकमेकांना जरा टाळून असतात. प्रत्येकाचं आपापलं गुप्त हॉटेल असतं आणि बहुतेकदा ते एकच असतं.

रस्त्यावरून पाहिलं तर झेडेल म्हणजे एक छोटासा कॅफे. साडू आम्हाला तिथेच दोन मिनिटं उभं करतात. सासूबाईंच्या चेहऱ्यावर "एवढ्यासाठी दोन गाड्या बदलल्या?" हे नीट उमटू देतात. मग काही न बोलता जिना उतरू लागतात. मधल्या वळणावर रेंज जाते आणि साडूंच्या पाठीचा कणा ताठ होतो. खाली केवढा तरी दिवाणखाना उघडतो. संगमरवरी खांब, सोनेरी नक्षी, उंच छत, पांढऱ्याशुभ्र कापडांची टेबलं आणि भांड्यांचा खणखणाट.

"हात लावून बघा, खरा दगड आहे," साडू म्हणतात. आम्ही आळीपाळीने खांबाला हात लावतो.

"छान आहे हो तुमचं बिस्ट्रो," आमची ही म्हणते.

"ब्रासरी!"

मग इतिहास. वर रीजंट पॅलेस नावाचं हॉटेल होतं, 1915 सालचं, चहावाल्या लायन्स कंपनीचं. 2006 मध्ये ते बंद पडलं. 2012 मध्ये हे तळघर पुन्हा उजळलं. सालं ते नेमकी सांगतात. खोल्या मात्र दर पाहुण्यागणिक वाढतात. आमच्या वेळी दीड हजार होत्या. नाशिकच्या मंडळींना अठराशे सांगितल्याचं मेहुणीने हळूच सांगितलं.

साडूंचा दुसरा विशेष म्हणजे बिल तेच देतात. हे ते बसल्या बसल्या सांगून टाकतात आणि मग कुणालाही मेनूच्या उजव्या बाजूकडे फिरकू देत नाहीत. "फ्रेंच माणूस घरी काय खातो? कारॉत रापे!" ही गाजराची कोशिंबीर, फोडणी मात्र नाही. "पुन्हा गाजर," मेहुणी पुटपुटते. मांसाहारींना स्टेक आशे, म्हणजे खिम्याची जाड टिक्की, सोबत बटाट्याच्या काड्या. शेजारच्या टेबलावर गोगलगायी आल्या, तेव्हा आम्ही त्या फक्त पाहायच्या होत्या. खळगे पाडलेल्या बशीत सहा शंख, वर लसूण-पार्सलीचं वितळलेलं लोणी. साडूंनी पावाचा तुकडा शंख मानला, दोन चमचे चिमटा मानले आणि मांस कसं अलगद ओढायचं ते करून दाखवलं. तुकडा सुटला तो थेट सासूबाईंच्या पदरात. त्यांनी तो खाऊन टाकला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. सासूबाईंनी कांद्याच्या सुपावर बोट ठेवलं, तेव्हा साडू एकदम गंभीर झाले. "थांबा, आई. फ्रेंच लोक हे सूप जुन्या पद्धतीनं गाईच्या हाडांच्या अर्कात करतात. आधी विचारू." अख्ख्या टेबलावर हे एकट्या त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यासाठी त्यांना दीड हजार खोल्या माफ.

वेटर आला. साडूंनी गळा साफ केला. "उन कराफ दो, सिल व्हू प्ले." म्हणजे नळाचं पाणी, जे इथल्या कायद्याने मागितलं की फुकट द्यावंच लागतं. पोराने साडूंकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या नऊवारीकडे, आणि हसून म्हणाला, "तुमी म्हाराष्ट्रांतलीं?" पोरगा मडगावचा निघाला.

"वुई," साडू म्हणाले.

पुढचं सगळं जेवण कोकणीत झालं. सुपाचं तो आत विचारून येतो म्हणाला. तोवर सासूबाईंनी त्याला आई कुठे असते, लग्न ठरलं का, थंडीत कानाला काय बांधतोस, सगळं विचारून घेतलं. साडू फ्रेंचमध्ये एकटे पडले. मधूनच कुणाला तरी "मेर्सी" म्हणत, पण त्याला कुणी हुंगलं नाही.

बिल आलं. साडूंनी चष्मा पुसला. खाली साडेबारा टक्के सेवाशुल्क, ऐच्छिक. या ऐच्छिक शब्दावरून साडूंनी लंडनमध्ये बरीच भांडणं केली आहेत, त्यामुळे मेहुणी पर्स आवरून उठायच्या तयारीत बसली. साडूंनी पोराकडे पाहिलं. "2024च्या ऑक्टोबरपासून हे सगळं नोकरांनाच द्यावं लागतं, कायदा आहे," ते आम्हाला म्हणाले आणि बाराच्या वरचा अर्धाही कापला नाही.

वर आलो. रेंज आली. चिरंजीवांनी खिशात हात घातला आणि फुटपाथवरच शोधाशोध सुरू केली. 1915 बरोबर. लायन्स बरोबर. 2006, 2012 दोन्ही बरोबर. पोराचा चेहरा उतरला. मग एकदम उजळला. "काका, खोल्या हजाराच्या थोड्याच वर होत्या!"

"बांधताना तेवढ्याच," साडू म्हणाले, "नंतर वाढवल्या." आणि साठीनंतर मिळालेला फुकट बसचा पास हातात नाचवत, आम्हाला तिकिटाच्या हिशेबात सोडून, समोर आलेल्या बसमध्ये चढले.