किंकाळीचं शुद्धलेखन

नवऱ्याची बदली वेंगुर्ले तालुक्यातल्या एका शाखेत झाल्याचं कळलं, तेव्हा मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर समुद्र आला, सोलकढी आली, आंबे आले. माझ्या डोळ्यांसमोर पाल आली.

पुण्यात आम्ही पाचव्या मजल्यावर राहायचो. लोकांच्या लेखी तो पत्ता होता, माझ्या लेखी तटबंदी. तरी वर्षाकाठी एखादं झुरळ ड्रेनेजच्या वाटेने किल्ला सर करायचंच, आणि मी पलंगावर उभी राहून ओरडायचे. माझ्याकडे किंकाळी एकच होती. झुरळाला तीच, पालीला तीच, आणि एकदा ओढणीवर येऊन बसलेल्या बिचाऱ्या चतुरालाही तीच. शेजाऱ्यांना ती इतकी पाठ होती की ते टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करत नसत.

धंद्याने मी मुद्रितशोधक. बारीक, वळवळणाऱ्या गोष्टी शोधून काढायच्या, हेच माझं पोट. पण कागदावरचे उकार चालून अंगावर येत नाहीत.

निघायच्या आधी महिनाभर मी सापांवर मिळेल ते वाचलं. भित्र्या माणसाने करू नये असं हे काम, आणि भित्रा माणूस नेमकं तेच करतो. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कोकणात हे चारही आहेत. फुरसं दिसायला वीतभर, फार तर हातभर. पण चिडलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवत चालवल्यासारखा आवाज काढतं. इंग्रजांच्या राज्यात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे, हेही वाचनात आलं. या चारही विषांवर चालणारं इंजेक्शन घोड्यांच्या रक्तापासून बनतं. हे इंजेक्शन बनवणाऱ्या हाफकिनचे असे घोडे कुठे ठेवतात, तर पुण्याशेजारी पिंपरीत. म्हणजे औषध मागे सोडून मी दुखण्याकडे निघाले होते.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मागे परसात विहीर आणि भोवती दगडांचा गडगा. गडग्याच्या फटी बघून मला त्यात बसवलेले दगड दिसले नाहीत, दगडांच्या मधल्या खोल्या दिसल्या. गडग्यापलीकडे घरमालकीण काकी. वय सत्तरीच्या पुढे, पायात स्लिपर, हातात कायम काहीतरी सोलायचं नाहीतर निवडायचं.

पहिल्या आठवड्यात माझी किंकाळी ऐकून काकी दांडा घेऊन धावत आल्या. न्हाणीत पाल होती. दुसऱ्या वेळी दांडा घेऊन आल्या, तेव्हा उंबऱ्यावर पैसा होता, म्हणजे तो हात लावला की गोल नाणं होऊन पडणारा किडा. तिसऱ्या वेळी त्या कंटाळून हात हलवत आल्या, आणि नेमकी तेव्हा चुलीपाशी हाताच्या पंजाएवढी गोम होती. काकींनी ती स्लिपरने मारली आणि मला समोर बसवलं.

"गो बाय, तू सगळ्याक येकच बोंब मारतंस. आमी वाडवण घेऊन येवचा की दांडो?"

वाडवण म्हणजे झाडू, हे मला नंतर कळलं. मुद्दा मात्र जागच्या जागी कळला. इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढत होते आणि माझी स्वतःची किंकाळी अशुद्ध होती. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नव्हतं, विरामचिन्ह नव्हतं, ऐकणाऱ्याला अर्थ लागायची सोय नव्हती. तो लांडग्याच्या गोष्टीतला मुलगा निदान खोटं बोलत होता. मी खरं बोलूनही उपयोगाची नव्हते.

भाषेचा घोटाळा उलट बाजूनेही होता. एका सकाळी काकींनी हाक मारून सांगितलं, "परसात जनावर आसा, बघून जा." मी घाटावरची. आमच्याकडे जनावर म्हणजे गाय, बैल, फार तर म्हैस. मी हौसेने रात्रीची शिळी भाकरी घेऊन गायीला घालायला गेले. गडग्याच्या कडेने सहा-सात फुटांची पिवळसर धामण उन्हाला पडली होती. भाकरी माझ्या हातातच राहिली. इथे सापाला साप म्हणत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच. जनावर म्हणतात, नाहीतर किरडू. माझी ती सुप्रसिद्ध किंकाळी ऐकून धामण निघून गेली. काकी नाराज झाल्या. "ती उंदीर खाता. भाताची राखण करता. तिका कित्याक घालवलंस?" मी भाकरी मागच्या दारी कावळ्यांना घातली.

मग मी अभ्यास पुन्हा सुरू केला, या वेळी माझ्या आवाजाचा. लहान, तुटक 'ई' झुरळ-पालीसाठी. याला कोणी यायची गरज नाही, नुसती नोंद. मध्यम, शेवटी वर चढणारी किंकाळी विंचू आणि गोमेसाठी. झाडू किंवा स्लिपर घेऊन यावं. सापाला मात्र किंकाळी नाही. काकींचं म्हणणं, सापासमोर नाचायचं नाही, दोन पावलं मागे सरायचं, नजर त्याच्यावरून काढायची नाही आणि साध्या आवाजात 'जनावर' म्हणायचं. हे त्या मटार सोलल्यासारखं सांगायच्या. पहिल्या दोन पाठांत मी पास झाले. तिसऱ्याची परीक्षा येऊ नये म्हणून आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलले.

या वेतोबाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. लोक त्याला कातडी चपला वाहतात, त्याही त्याच्या मापाच्या, म्हणजे आपल्या चपलांच्या आजोबांसारख्या दिसणाऱ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यात चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. पहिल्यांदा त्या चपला पाहिल्या तेव्हा माझ्या मनात भक्तीच्या आधी एक वेगळाच विचार आला: इथे रात्री देवसुद्धा अनवाणी बाहेर पडत नाही! त्याच दिवशी बाजारातून गमबूट आणले.

वाचनाचा त्रास पुढेही चालूच राहिला. घोणशीचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा असतो असं कुठेतरी वाचलं होतं. ओट्याशी उभी असताना पहिल्याच शिट्टीला मी अंगणात होते. नंतर चार दिवस आम्ही पातेल्यात शिजवलेला भात खाल्ला. नवरा काही बोलला नाही. तो रात्री मला धीर द्यायचा. बाकीच्या नवऱ्यांना चांदण्याबिंदण्यावर बोलता येतं, माझा प्राझोसिनवर बोलायचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं हे औषध लाल विंचवाच्या विषावर वापरून कोकणातली कितीतरी माणसं वाचवली, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं की नारळाच्या सोडणांच्या ढिगात पहिला विंचू दिसला तेव्हा माझ्या तोंडून मध्यम किंकाळीच्या आधी 'प्राझोसिन' निघालं. काकींना वाटलं, मी शिवी दिली.

मृगाचा पाऊस आला. पुण्यात वर्षाला पडतो त्याच्या चौपट पाऊस इथे पडतो. बिळांत पाणी शिरलं की बिळातली मंडळी वर येतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण पहिली सलामी दिली ती पंखवाल्या वाळवीने. तिन्हीसांजेला ट्यूबलाइटभोवती एकदम धूर झाल्यासारखं दिसलं. तो धूर आमटीत पडायला लागला. माझ्याकडे या प्रसंगासाठी किंकाळीच नव्हती, हजारभर किड्यांना मिळून एक कशी पुरणार? काकींनी पलीकडून ओरडून दिवे मालवायला सांगितले आणि पडवीत पाण्याच्या घमेल्यावर एक कंदील ठेवला. सगळा धूर तिकडे गेला. सकाळी पडवीत पंखांचा थर होता, इतका हलका की झाडू जवळ नेला की उडायचा, अन् झाडू बाजूला घेतला की परत तिथेच येऊन बसायचा. दोन-चार पंख माझ्या प्रुफांवर चिकटले होते. एक बरोबर 'किती'च्या दुसऱ्या वेलांटीवर.

तिसरी परीक्षा श्रावणात झाली. वीज गेलेली, नवरा ऑडिटमुळे शाखेत अडकलेला. बॅटरी घेऊन न्हाणीकडे गेले तर उंबऱ्याला लागून काळपट अंगावर पांढरे पट्टे. मण्यार. मी दोन पावलं मागे सरले. नजर काढली नाही. आणि कसं कोण जाणे, अगदी भाजीवालीला भाव विचारावा अशा आवाजात म्हणाले, "काकी, जनावर."

काकी आल्या. दांडा न घेता, फोन घेऊन. वीस मिनिटांत गावातला सर्पमित्र मोटरसायकलवरून आला, मागे प्लास्टिकची बरणी बांधलेली. त्याने उजेड धरला, वाकला आणि हसला. मण्यार नव्हे, कवड्या! मण्यारीचे पट्टे मानेपाशी नसतात, पुढे सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. विष नाही. मी निरखून पाहिलं. खरंच, हा तर नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा फरक होता, आणि मी मुद्रितशोधक असून चुकले होते.

"खातो काय?" मी विचारलं.

"पाली," तो म्हणाला. "त्यासाठीच येतो घरात."

बरणीचं झाकण लावायच्या आधी एक क्षण आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, मी आणि कवड्या. न्हाणीत त्या वेळी पाच पाली होत्या. सर्पमित्राला दोनदा 'थांबा' म्हणावंसं वाटलं. म्हणाले नाही. त्याने चहा घेतला, बरणी मोटरसायकलला अडकवली आणि गेला.

काकी जाताना पहिल्यांदाच म्हणाल्या, "शिकलंस हां." मी फुगून दार लावलं. बॅटरी फळीवर ठेवायला हात वर केला, तर फळीवरून काहीतरी तपकिरी फर्रकन उडालं आणि थेट केसांत.

त्यानंतर जी निघाली ती पुण्याची, अस्सल, पाचव्या मजल्यावरची.

गडग्यापलीकडे दिवा लागलासुद्धा नाही. अंधारातून नुसता झोपाळलेला आवाज आला.

"झुरळ?"

"हो!"

"नीज आता."