चौथी सीट, चौथा पॉट

माझा भाचा राहतो ठाण्यात, नौपाड्यात. पण त्याचं घड्याळ चालतं युरोपावर. चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला लागते आणि तिकडची घड्याळं हिवाळ्यासाठी मागे सरकली की दीडला, हे माझ्या बहिणीला एकादशीपेक्षा पक्कं पाठ झालंय. ती दूध घ्यायला दार उघडते तेव्हा चिरंजीव झोपायला निघालेले असतात.

गेल्या ऑगस्टअखेर तिच्याकडे गेलो, तर पडदे ओढून स्वारी टीव्हीसमोर. पडद्यावर मैदान नाही, चेंडू नाही. सुटातली चार माणसं गोळे उघडून चिठ्ठ्या दाखवतायत.

"मामा, थांब जरा. पॉट थ्री चालू आहे."

मला वाटलं, बाल्कनीतल्या कुंड्यांबद्दल बोलतोय. मग त्याने मला समजावलं. समजावताना त्याचा सूर असा होता, की आयकर भरण्याची पद्धत त्याला कुणी इतक्या आपुलकीने समजावली असती तर तो आज सीए असता. छत्तीस क्लब, नऊ-नऊचे चार पॉट. प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक पॉटातले दोन प्रतिस्पर्धी, एक आपल्या घरी, एक त्यांच्या गावी. एकूण आठ सामने. मग एकच लांबलचक गुणतक्ता: पहिले आठ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, नऊ ते चोवीस आपसात आणखी एकदा झुंजणार, पंचविसाव्यापासून खालचे आपापल्या गावाला.

"आणि कोण कुठल्या पॉटात, हे कोण ठरवतं?"

"कोएफिशियंट! गेल्या पाच वर्षांची कमाई. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक, पुढच्या फेऱ्यांचे बोनस वेगळे. सगळी बेरीज. गतविजेता तेवढा आपोआप सगळ्यांच्या वर."

"पाच वर्षांत जो आलाच नाही, त्याचं काय?"

"त्याच्या देशाच्या गुणांकाचे वीस टक्के तरी त्याला मिळतात ना."

म्हणजे स्वतः काही केलेलं नसलं तरी चांगल्या घरातला आहे, एवढ्यावर काहीतरी. मी म्हटलं, बाळा, हे मला शिकवू नकोस. ही पद्धत युरोपने शोधली असेल असं मला वाटत नाही. ही कल्याण-सीएसएमटी फास्टच्या मधल्या डब्यातून चोरलेली आहे.

ज्यांनी हा प्रवास केला नाही (आणि अशी पुण्यवान माणसं या सदराला वाचक म्हणून आहेत, हे मला पत्रांवरून कळतं) त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या डब्यात तिघांच्या बाकावर चार बसतात. खिडकी, मधली, कडेची आणि चौथी. चौथी सीट ही सीट नसून एक शक्यता आहे. तिच्यावर अर्धा माणूस बसतो; उरलेला अर्धा पॅसेजमध्ये स्वतःच्या पायांवर असतो. आता खिडकीत कोण बसणार? जो आधी चढेल तो, असं रेल्वेला वाटतं. प्रत्यक्षात आमच्या बाकाच्या खिडकीत एक काका बसतात. त्यांचं नाव मला बारा वर्षांत कळलेलं नाही, आम्ही त्यांना खिडकीकाका म्हणतो. काका कल्याणला चढतात. एखाद्या दिवशी गर्दीत मागे राहिले, तर त्यांचा रुमाल पुढे जाऊन बसतो. रुमालाला कोणी हात लावत नाही. रियल माद्रिद घरच्या लीगमध्ये अडखळली तरी तिला कोणी चौथ्या पॉटात टाकत नाही, तसंच हे. रुमाल म्हणजेच कोएफिशियंट.

डोंबिवलीकराचा गुणांक अर्थातच कमी. गाडी आमच्याकडे येते तेव्हा ड्रॉ होऊन गेलेला असतो. म्हणून शहाणा डोंबिवलीकर आधी उलट्या दिशेने कल्याणला जातो आणि त्याच गाडीत बसून परत डोंबिवलीवरून पुढे जातो. याला रिटर्न मारणं म्हणतात. फुटबॉलमध्ये याला पात्रता फेरी म्हणतात; जुलैच्या उन्हात कुठल्यातरी बेटावर जाऊन खेळायचं, की सप्टेंबरात उभं राहायला तरी जागा मिळावी. दिव्याचे लोक या बाबतीत सर्वांत दुर्दैवी. 2015च्या जानेवारीत त्यांनी रेल्वे रोखली, तेव्हा कुठे पुढे त्यांच्यासाठी काही फास्ट गाड्या थांबायला लागल्या. गाडी थांबते, हे खरं. आत शिरता येतं, असं रेल्वेने कधी म्हटलेलं नाही. मुंब्र्याबद्दल तर मी बोलतच नाही. युरोपातही सान मारिनोबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

ठाण्याचा माणूस मात्र बसायला न मिळताही वरच्या पॉटात असल्यासारखा उभा राहतो. 16 एप्रिल 1853ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे तो विसरत नाही. कल्याणला रूळ पोचायला 1 मे 1854 उजाडला, हेही विसरू देत नाही. ऐतिहासिक गुणांक! हसू नका. युरोपात हे खरोखरच झालं. 2018 ते 2021 या काळात चॅम्पियन्स लीगच्या बक्षिसाच्या रकमेतला तीस टक्के वाटा दहा वर्षांच्या कामगिरीवरून वाटला जात होता, आणि पूर्वी जिंकलेल्या करंडकांचे बोनस गुण त्यात वेगळे धरले जात. आजोबांनी वाडा बांधला होता म्हणून नातवाला पगारवाढ.

आता सोडतीचं. पूर्वी सगळे गोळे हाताने काढत. 13 डिसेंबर 2021ला न्यॉन इथल्या ड्रॉमध्ये मँचेस्टर युनायटेडसमोर व्हियारियाल आली. पण हे दोघे एकाच गटातून आलेले, त्यांची गाठ नियमाने पडू शकत नव्हती. मग निस्तरताना आणखी घोळ झाला, आणि दुपारी सगळा ड्रॉ पुन्हा. सकाळी पॅरिसला युनायटेड मिळाली होती, दुपारी माद्रिद. दोष सॉफ्टवेअरचा, असं जाहीर झालं. उपाय काय केला? 2024पासून आणखी सॉफ्टवेअर. हाताने फक्त क्लबाचं नाव काढायचं, मग बटण दाबायचं, की आठही प्रतिस्पर्धी पडद्यावर.

हे ऐकून मी अजिबात चकित झालो नाही. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत मी ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात बसून पाहिलेली आहे. तिथेही बटण दाबतात. तिथेही चार पॉट: अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न गट. तिथेही पॉट कमाईवरून. फरक एवढाच, की म्हाडात कमी कमावलं तर लहान घर मिळतं. युरोपात कितीही कमावलं तरी समोर बायर्न म्युनिक येऊ शकतं. शिवाय आमच्याकडे लोकप्रतिनिधींसाठी वेगळा कोटा असतो. तो घर नसलेल्या आमदारांसाठी आहे. असे आमदार कुठे राहतात, हा प्रश्न सोडतीत विचारता येत नाही.

युरोपालाही कोटा हवा होता बरं का. लीग बत्तीसवरून छत्तीसची करायचं ठरलं तेव्हा वाढीव चारपैकी दोन जागा जुन्या पुण्याईवर द्यायच्या, असा बेत होता. म्हणजे यंदा घरच्या लीगमध्ये घसरलात, हरकत नाही, पाच वर्षांचा गुणांक बघून आत घेऊ. याच धामधुमीत एप्रिल 2021मध्ये बारा बड्या क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली. ते म्हणाले, कोटा कशाला, डबाच आमचा. दोन-तीन दिवसांत प्रेक्षक रस्त्यावर आले आणि इंग्लंडचे सहाही क्लब एकापाठोपाठ उतरले. पुढच्या वर्षी मे महिन्यात युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, पुण्याईवाल्या दोन जागाही रद्द केल्या. आदल्या हंगामात ज्या दोन देशांच्या क्लबांनी सरासरी सर्वांत चांगली कामगिरी केली, त्या देशांना एकेक जादा जागा, असा नवा नियम आला.

ही ती चौथी सीट! बाकावर तिघे बसलेलेच आहेत, आणखी एकाने म्हणायचं, "सरका जरा." आणि हे सरका कोणासाठी? पहिल्या वर्षी इटली आणि जर्मनी, दुसऱ्या वर्षी इंग्लंड आणि स्पेन. म्हणजे आधीच चार-चार जागा असलेली घरं. 2025-26मध्ये इंग्लंडचे सहा क्लब या डब्यात बसले. सहावा टॉटनहॅम. तो आदल्या हंगामात घरच्या लीगमध्ये वीस संघांत सतरावा होता, खालचे तीन हद्दपार झाले आणि हा शेवटचा वाचलेला. पण मे महिन्यात त्याने युरोपा लीग जिंकली, अंतिम सामन्यात पंधराव्या आलेल्या मँचेस्टर युनायटेडला हरवून. सतराव्याने पंधराव्याला हरवून पहिल्या वर्गात यायचं! आमच्या डोंबिवलीच्या शाळेत असा नियम असता, तर मी आज हे सदर लिहीत बसलो नसतो.

भाचा म्हणाला, "मामा, तू फक्त खोड्या काढतोस. पॉट म्हणजे निकाल नाही." हे मात्र त्याचं खरं. 2024-25मध्ये लाइपझिग पहिल्या पॉटात होती आणि छत्तिसांत बत्तिसावी आली. मँचेस्टर सिटीही पहिल्या पॉटातलीच, ती बाविसावी. चौथ्या पॉटातली अॅस्टन व्हिला थेट आठवी. आणि सगळ्यांत पहिली आलेली लिव्हरपूल पुढच्याच फेरीत पेनल्टीवर बाहेर पडली. तिला बाहेर काढलं कोणी? तक्त्यात पंधराव्या आलेल्या पॅरिसने. तेच पॅरिस 31 मेला म्युनिकमध्ये इंटरला 5-0 हरवून विजेते झाले.

"मग आपले कुठल्या पॉटात?" मी विचारलं.

तो गप्प झाला. दुखरी जागा होती ती. 2023च्या ऑगस्टमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला आणि मुंबई सिटीच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. चार वेळचा आशियाई विजेता, आणि नेमार नुकताच त्यांच्याकडे गेलेला. नेमार खेळायला आपल्याकडे येणार! भाच्याने त्या दिवशी घरात पेढे वाटले. मुंबई सिटी तेव्हा मँचेस्टर सिटीच्या मालकांचीच. म्हणजे थोरली बहीण जूनमध्ये युरोपची विजेती झालेली, आणि धाकटीकडे आता नेमार जेवायला येणार. ऑक्टोबरमध्ये देशाकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. मग रियाधला अल हिलालने आपल्याला सहा गोल घातले. 6 नोव्हेंबरला भाचा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून नेरूळला डी. वाय. पाटीलवर गेला, नेमारशिवायचा अल हिलाल बघायला. 0-2. गटातले सहाच्या सहा सामने आपण हरलो. थोरल्या बहिणीचे वीस टक्के धाकटीला देण्याची सोय आशियात नाही.

"पण मामा, 2022मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण दोनदा हरवलं होतं," तो हळूच म्हणाला. "या स्पर्धेत भारतीय क्लबाचा पहिला विजय. पाच वर्षांच्या बेरजेत ते धरायला हवं."

तर असा मी या गुणांकाविरुद्ध महिनाभर डब्यात भाषणं देत होतो. जन्माने मिळालेली खिडकी, रुमालशाही, दिव्यावरचा अन्याय, सगळं. चौथ्या सीटवाले टाळ्या द्यायचे. खिडकीकाका झोपलेले असायचे.

दसऱ्याला डब्याची पूजा झाली, हार-तोरणं लागली, आणि काकांनी जाहीर केलं की महिनाअखेरीस ते निवृत्त होतायत. दुसऱ्या दिवशीपासून आमच्या बाकावर विलक्षण शांतता. कोणी काही बोलत नव्हतं, पण प्रत्येकजण मनात बेरीज करत होता. मधले खिडकीत जातील, कडेचे मधे, चौथे कडेला. चौथी सीट रिकामी होणार. शेवटच्या दिवशी काका मला म्हणाले, "अरे, तू किती वर्षं उभा आहेस?"

"बारा झाली, काका."

"मग बस की उद्यापासून."

परवा बसलो. अर्धाच, पण बसलो. बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की ही व्यवस्था बाहेरून वाटते तितकी वाईट नाही. तिच्यात एक शिस्त आहे, अनुभवाची कदर आहे. दिव्याला गाडी थांबली. एक पोरगा कसाबसा आत घुसला, पाठीवरची बॅग पोटाशी घेतलेली, घामाघूम. बाकाच्या कडेला तळहाताएवढी जागा त्याला दिसली.

"काका, जरा सरकता का?"

मी चष्मा वर केला. "अरे," मी म्हटलं, "गेली पाच वर्षं होतास कुठे?"