वाफेचं शास्त्र

एसी न घेण्याला मी तत्त्व म्हणतो. घरात त्याला चिकटपणा म्हणतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ला टेकला की वाद घालण्याचं त्राण कुणात उरत नाही, म्हणून तत्त्व टिकून आहे.

खिडकीला ओली चादर, गच्चीवर चुना, त्यावर भिजवलेली पोती, पंख्यापुढे बर्फाची परात, असं सगळं करत मी कूलरवर स्थिरावलो. या विषयावर मला कुणी तोंड उघडू देऊ नये. पाहुणा आला की ताट्यांत लाकडाचा कीस नसून अस्सल वाळा आहे, हे मी त्याला हुंगायला लावतो. मग टाकीत बर्फ टाकणाऱ्या शेजाऱ्याची कीव करतो. अहो, एक ग्रॅम बर्फ वितळताना उष्णता घेतो ८० कॅलरी; एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना लागतात ५८०च्या आसपास! आणि ती दमट हवा निघून जायला समोरची खिडकी उघडी हवी. लोक गारवा जाईल म्हणून दारंखिडक्या लावून घेतात आणि घराची मुंबई करतात. तिथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट, ती कूलरचं पाणी कशाला पिईल? बरं, एसीचा टन तरी काय? ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला लागणारी उष्णता. म्हणजे एसीवाले अजून बर्फाच्याच हिशेबात! इथे मी हसतो. पाहुणा पन्हं मागतो.

पन्हं येतं स्वयंपाकघरातून. तिथे कूलरचा वारा पोचत नाही, आणि पंखा लावला तर गॅस फडफडतो म्हणून तोही बंद. कूलर बैठकीत, नाहीतर निजायच्या खोलीत. भर दुपारी ओट्याशी उभी असलेली बाई गारव्याच्या कुठल्याच हिशेबात नाही. घरं बांधणाऱ्यांना हे सुचत कसं नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

परवा तो मी कूलरसमोर बसून, पाहुण्यांदेखत, पोटतिडकीने व्यक्त केला. बायको पदराने मान पुसत बाहेर आली.

“एवढं वाटतंय तर उरलेल्या पोळ्या तुम्ही लाटा. पाहुण्यांना वाफेचं मी सांगते.”

आणि सांगितलंही. बर्फाच्या ८०पासून, जिथे हसायचं तिथे हसून.