मिलटाउन संपलं, उद्या या!

काय बाई एकेक! १९५५ ची अमेरिका. औषधाच्या दुकानांच्या काचेवर पाट्या झळकू लागल्या, ‘मिलटाउन संपलं’. काहींनी पुढे आशाही लावली, ‘उद्या मिळेल’. अहो, चिंतेवरची गोळी ती, हापूसची पेटी नव्हे!

नाव उचललं न्यू जर्सीतल्या एका गावावरून. कंपनी कार्टर, तिची आजवरची कीर्ती काय, तर यकृताच्या गोळ्या! आणि संशोधक फ्रँक बर्गर मुळात शोधत होते पेनिसिलिन खराब होऊ नये म्हणून काहीतरी. उंदरांना टोचून बघतात तर उंदीर जागे, पण अंग पार सैल. त्यातून स्नायू ढिले करणारं मेफेनेसिन आलं. त्याचा अंमल फार टिकेना, म्हणून १९५० मध्ये बर्नार्ड लुडविग यांनी मेप्रोबॅमेट बनवलं. तेच हे मिलटाउन.

हॉलिवूडनं तर ताळच सोडला. मार्टिनीत ऑलिव्हऐवजी ही गोळी टाकायची आणि त्याला म्हणायचं ‘मिल्टिनी’! मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन मज्जापेशींना गप्प बसवतं. दारू त्याचाच जोर वाढवते, मेप्रोबॅमेटही तेच करतं. दोन्ही एकाच पेल्यात म्हणजे आधी झापड, आणि प्रमाण वाढलं की श्वासच मंद. पण हे सांगायचं कुणी? विनोदवीर मिल्टन बर्ल तर स्वतःचं नाव ‘मिलटाउन बर्ल’ करून घ्यायच्या गोष्टी करत होते. कंपनीला फुकटात जाहिरात, अजून काय हवं!

आणि १९५८ चा तमाशा ऐकलात? सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अधिवेशन. डॉक्टरांना गोळीचं माहात्म्य पटवायला कंपनीनं आणलं कुणाला, तर चित्रकार साल्वादोर दालींना! त्यांनी रेशमाचा भलामोठा अळीसारखा बोगदा उभारला, नाव ‘क्रिसालिडा’. डॉक्टरमंडळींनी एका तोंडातून आत शिरायचं. भोवतीचं रेशीम श्वास घेतल्यासारखं फुगतंय, बसतंय. आणि चिंतेतून निघून शांतीपर्यंत पोचायचं. मानधन ३५,००० डॉलर. भल्याभल्या डॉक्टरांना अळीच्या पोटातून चालवणारी जाहिरात मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

या गोळीची सवय लागत नाही, असं आधी छातीठोकपणे सांगत होते. मग गोळी एकदम थांबवणाऱ्यांना झटके येऊ लागले, तेव्हा कुठे डोळे उघडले. तोवर १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम ही चिंतेवरचीच नवी औषधं येऊन गिऱ्हाईक पळवून गेले होते. युरोपीय औषध यंत्रणेनं तर २०१२ मध्ये मेप्रोबॅमेटच्या गोळ्यांची विक्रीच थांबवायला सांगितलं.

गेलं म्हणता? कान इकडे करा. दुखऱ्या पाठीवर, आखडलेल्या स्नायूंवर दिलं जाणारं कॅरिसोप्रोडॉल १९५९ मध्ये बर्गर यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. ते पोटात गेलं की यकृत त्याचं मेप्रोबॅमेटच करतं. तेव्हा चिठ्ठीवर हे नाव दिसलं, तर त्या रात्री पेल्याला हात लावू नका.