कॉपीमुक्त

चौथ्या दिवशी मी कीबोर्ड उलटा धरून टेबलावर आपटला. त्यातून तीळ पडले, शेवेचा चुरा पडला, बायकोची एक टिकली पडली (ती तिथं कशी गेली यावर घरात वेगळी सुनावणी झाली) आणि तुरीचा एक पांढरा दाणा पडला. "सातशे अकरा," मी लगेच म्हणालो. बदनापूरच्या माणसानं तुरीचा दाणा पाहून वाण सांगायचाच असतो. चूक की बरोबर हे नंतर. इथल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या तुरीला बीडीएन ७०८, बीडीएन ७११ अशी नावं आहेत आणि त्यातलं बीडीएन म्हणजे बदनापूर, हे मी परगावच्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतो.

तर एवढं सगळं पडलं. कॉपी-पेस्ट पडलं नाही. म्हणजे ते कीबोर्डात अडकलेलं नव्हतं.

लक्षणं अशी. ओळ निवडावी, ती काळी होते. कंट्रोल दाबून सी. दुसऱ्या पानावर जाऊन कंट्रोल दाबून व्ही. काही नाही. माउसचं उजवं बटण दाबून पाहावं तर यादीतला 'पेस्ट' हा शब्द फिकट राखाडी. मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा, मांडवात आहे पण पंगतीला उठत नाही. फाइल धरून ओढावी तर जागची हलत नाही. जिथं ठेवली तिथं रुतून बसलेली.

कॉम्प्युटर २००७ चा. त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या आत एमएससीआयटी पास झालं नाही तर वेतनवाढ थांबणार म्हणून आमच्या स्टाफरूममध्ये जी धांदल उडाली, ती दहावीच्या पोरांतही कधी पाहिली नव्हती. मला १०० पैकी ८९ मिळाले. हे ८९ मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आत्ताही कुणी विचारलं नव्हतं. त्याच दिवाळीत हा डबा घरी आला आणि गल्लीत मी 'कॉम्प्युटरवाले सर' झालो. त्यातली एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला अधिकृतपणे सेवानिवृत्त झाली, मी २०१९ ला झालो. आम्ही दोघं अजून काम करतो. दोघांनाही सुरू व्हायला सकाळी वेळ लागतो.

काम म्हणजे मानपत्रं. ज्याला हे माहीत नाही त्यानं ३१ मे ही तारीख कधी नीट पाहिलेली नाही. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, पोरगं कधीचं? बापानं सांगितलं, पोळ्याच्या आसपास, त्या वर्षी पाऊस लांबला होता. गुरुजींनी लिहिलं, १ जून. असं त्यांनी अर्ध्या तालुक्याला एकाच दिवशी जन्माला घातलं. मराठवाड्यातलं पहिलं कॉपी-पेस्ट ते. परिणामी ही सगळी मंडळी ३१ मेला घाऊक रिटायर होतात आणि २० मेपासून माझ्या दारात चपला दिसू लागतात. "सर, चार ओळी लिहून द्या. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी चहा टाकायला सांगतो.

जमायचं कसं, ते आता सांगून टाकतो. माझ्याकडे 'विशेषणं' नावाची एक फाइल आहे. शांत, संयमी, मितभाषी. हाडाचे शिक्षक. विद्यार्थीप्रिय. पहाडासारखे पाठीशी उभे. यातलं काय उचलायचं आणि कुठं डकवायचं, एवढीच माझी प्रतिभा. एकदा एका तलाठी भाऊसाहेबांच्या मानपत्रात 'आपण हजारो विद्यार्थ्यांच्या मनात ज्ञानज्योत पेटवलीत' हे वाक्य राहून गेलं. वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. एका मुख्याध्यापक मॅडमसाठी मी एका सरांचं जुनं मानपत्र घेतलं आणि एका दमात सगळ्या 'ते'च्या जागी 'त्या' करून टाकलं. 'ते होते'चं 'त्या होत्या' झालं, स्वतःवर खूश झालो, न वाचता छापायला दिलं. समारंभात सूत्रसंचालकानं खणखणीत आवाजात वाचलं की मॅडम भगवद्गीत्याच्या अभ्यासक असून त्यांच्या नम्रत्याला एक त्याजस्वी किनार आहे. मॅडम संस्कृतच्या. त्यांनी तो शब्द कोशात शोधला असणार.

यंदा ३१ मेला आमच्या शाळेचे मामा रिटायर होणार होते. मामा म्हणजे शिपाई. शाळेत सगळ्यांचे मामा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असून माझेही मामा. शाळेतून फोन आला, मी 'विशेषणं' उघडली, 'शांत, संयमी' काळं केलं आणि तिथंच सगळं ठप्प झालं.

पहिला संशय सुनेवर. "तू टेबल पुसताना ओला फडका फिरवलास का?" "बाबा, तुमच्या टेबलाला हात लावायचा नाही असं तुम्हीच सांगितलंय." दुसरा संशय लाइटवर, मे महिन्यात आमच्याकडे लाइट येते-जाते, त्यात झटका बसला असणार. तिसरा माउसवर. माउस बदलला, कंट्रोलचं बटण उचकटून खालची घाण काडीनं काढली. मग कुणीतरी सांगितलं की फाइल माउसनं दाबून धरायची आणि तशीच एस्केप दाबायची, अडकलेलं ओढणं सुटतं. हा खरा उपाय आहे, पुष्कळांचं सुटतं. माझं सुटलं नाही. एस्केप म्हणजे निसटणे. दोन दिवस मी ते बटण इतक्यांदा दाबलं की शेवटी घरातली माणसंच एकेक करून निसटली. बायको तेवढी थांबली. म्हणाली, "अहो, बारा ओळी आहेत. लिहा की हातानं."

तिला काय कळतंय, असं मी मनात म्हणालो. कागद घेतला. 'मामा' लिहिलं आणि पुढं काहीच येईना. पेन हातात घेऊन बसलो तर डोळ्यांसमोर आलं ते सायक्लोस्टाइल.

आता सायक्लोस्टाइलबद्दल बोलायचं तर मला अडवू नका. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मेणाचा पातळ कागद, त्याला स्टेन्सिल म्हणत. टाइपरायटरची फीत बाजूला सारून त्यावर टाइप करायचं, किंवा मराठी असेल तर लोखंडी टोकाच्या लेखणीनं कोरायचं. अक्षर कोरलं की तिथलं मेण जातं आणि तिथून शाई उतरते. युक्ती डेव्हिड गेस्टेटनर नावाच्या, हंगेरीत जन्मून लंडनला गेलेल्या माणसाची, १८८१ ची. त्यानं ती देवनागरीचा विचार करून काढलेली नव्हती. 'ठ'चं पोट जरा जोर लावून कोरलं की आतला गोल तुकडा गळून पडे आणि छापताना तिथं काळा ठिपका. 'पाठ्यपुस्तक' हा शब्द मी प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षं टाळला. चूक झाली तर लाल पातळ औषध लावायचं, नेलपॉलिशसारखा वास यायचा, वाळेपर्यंत फुंकर मारायची. फुंकरीत थुंकी गेली की नवी स्टेन्सिल. ती कोऱ्या कागदासारखी मोजून मिळत नसे; हेडमास्तर ती कपाटातून अशी काढत, जणू बायकोचा दागिना गहाण ठेवताहेत. मग ती ढोलाला गुंडाळायची, सुरकुती पडू द्यायची नाही, शाई चोळायची आणि हँडल फिरवायचं. पहिले दहा कागद फिके, मधले चांगले, शेवटी स्टेन्सिल फाटायला लागली की अक्षरांना मिशा फुटत. एका वर्षी आठवीच्या भूगोलात 'नद्या' ऐवजी काय वाचायचं यावर पालकांच्या सभेत चर्चा झाली होती.

हँडल मामा फिरवायचे. एकटेच. सहामाहीच्या आदल्या रात्री लाइट गेली तरी यंत्र थांबत नसे, कारण त्याला लाइट लागतच नव्हती, मामा लागत. कंदिलाच्या उजेडात ते फिरवत, पाच-पाचचे गठ्ठे आडवे-उभे लावत, कोपरापर्यंत काळे होत. ती शाई चार दिवस निघायची नाही. त्या चार दिवसांत मामा जेवायला बसले की हात मांडीखाली घेऊन बसत, म्हणजे डावा. उजव्याला इलाज नव्हता.

एका वर्षी मामांचा पोरगा सातवीला होता. वार्षिक परीक्षेच्या आधी मामा हेडमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, सातवीचे पेपर यंदा दुसऱ्याला फिरवू द्या. मी बाकीच्या वर्गांचे करतो." हेडमास्तर म्हणाले, "अरे, तुला कुठं एवढं वाचता येतं?" मामा म्हणाले, "मला नाही येत, साहेब. पोराला येतं. तो शाईचा हात बघून विचारंल." त्या वर्षी सातवीचे पेपर मी फिरवले. माझ्या निम्म्या प्रती वाकड्या आल्या.

हे मी विसरलो होतो. खरं तर विसरलो नव्हतो. 'विशेषणं' फाइलमध्ये ते कुठं बसत नव्हतं एवढंच.

२०२५ च्या फेब्रुवारीत दहावीचा पहिलाच पेपर, मराठीचा, आणि त्याच्या झेरॉक्स निघाल्याच्या बातमीनं बदनापूर दिवसभर टीव्हीवर होतं. मंडळाचा खुलासा आला, चौकशी लागली. ते काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी मात्र आठवडाभर पाहुण्यांना तुरीचं काही सांगितलं नाही. गणिताची कॉपी मी समजू शकतो. मराठीची? निबंधात स्वतःच्या आईबद्दल लिहायचं, तेही दुसऱ्याच्या कागदावरून? बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाच्या पोटात ढवळून आलं. कट्ट्यावर मी त्यावर अर्धा तास बोललो. आता पेन हातात घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की अठरा वर्षं मी सबंध तालुक्याबद्दल त्याच चार ओळी लिहीत होतो आणि कॉपी पकडायला कुठलंच पथक आलं नव्हतं.

रात्री अकरापर्यंत मामांचं मानपत्र हातानं लिहून झालं. चौदा ओळी. सकाळी एकेक अक्षर टाइप केलं. शांत, संयमी वगैरे एकदाही आलं नाही. मामा शांत नव्हतेच मुळी, घंटेला उशीर झाला की शिव्या देत.

मग एक जुना विद्यार्थी आला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. नववीत असताना मी त्याच्या कंपासपेटीतून सनावळ्यांची चिठ्ठी काढली होती, तोही विसरलेला नव्हता, कारण बसताना म्हणाला, "काय सर, कॉपी होत नाही म्हणता?" आणि ओठ दाबून हसला.

दोन मिनिटं इकडं-तिकडं पाहून त्यानं विचारलं, "सर, हे डीकॉम सर्व्हर प्रोसेस लाँचर कामून बंद केलं?"

आता कबुलीजबाब. महिन्यापूर्वी मी मोबाइलवर 'जुना कॉम्प्युटर रॉकेट करा' असा व्हिडिओ पाहिला. नको असलेल्या सेवा बंद करा, असं त्यात होतं. कुठल्या नको ते नीट ऐकलं नाही. ८९ मार्कांच्या माणसाला ऐकावं लागत नाही. यादी उघडली, त्यात लाँचर दिसला. रॉकेट लाँचर माहीत होता. असली वस्तू घरात कशाला, म्हणून बंद करून टाकली.

"सर, एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला काही द्यायचं असलं की मध्ये हाच असतो," पोरगा म्हणाला. "कॉपी, पेस्ट, ओढणं, सगळं ह्याच्या हातून जातं. तुम्ही शिपायालाच रजेवर पाठवलं."

मी काही बोललो नाही. त्यानं काळी खिडकी उघडली, इंग्रजीत एक ओळ लिहिली. मी मागून म्हणालो, "बरोबरच्या चिन्हानंतर जागा सोडलीस, काढ ती." "नाही सर. आधी सोडायची नाही, नंतर सोडायचीच. नाही सोडली तर हुकूम चालत नाही." व्याकरणात मला कुणी दुरुस्त करावं, तेही रिकाम्या जागेवरून! पण मशीन बंद करून चालू केलं आणि खालच्या पट्टीसकट सगळं ताळ्यावर आलं.

जाता जाता एक सांगितलं पाहिजे. हे कट-कॉपी-पेस्ट ज्यांनी कॉम्प्युटरवर आणलं ते लॅरी टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. टिम मॉटबरोबर त्यांनी ते काम १९७० च्या दशकात केलं, आणि केलं कुठं, तर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात. आमच्याकडे झेरॉक्स ही कंपनी आहे हे कुणाला माहीत नाही. ते क्रियापद आहे. तहसीलसमोर उभं राहून 'सातबारा झेरॉक्स करा' म्हणतात. कॉपीचा जन्म झेरॉक्समध्ये झाला, हे बदनापूरला सांगायला अमेरिकेची गरज नव्हती.

"बघा सर, चालतंय," म्हणून पोरानं समोर उघडं होतं तेच, मामांचं मानपत्र, सगळं काळं केलं आणि कंट्रोल-व्ही दाबत सुटला. एकाखाली एक सहा मामा उमटले. मी म्हणालो, "पाच पूस."

३१ मेला मी ते स्वतः वाचलं. सातवीच्या पेपरांशी आलो तेव्हा मामा खाली बघून पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत होते. टाळ्या फार पडल्या नाहीत. ज्ञानज्योतीला जास्त पडल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर ते नारळ आणि शाल सांभाळत माझ्याजवळ आले, मानपत्राची चौकट माझ्यापुढं धरली.

"सर, याच्या दोन झेरॉक्स भेटतील का? एक पोराला द्यायची."