चिरंजीवांचा वाफा

बर्मिंगहॅम, जून

ती. आईंस,


इकडे सगळे खुशाल. तुमचे चिरंजीव मात्र घरात फक्त जेवायला येतात. बाकी मुक्काम परसातल्या वाफ्यात. फॉक्सग्लोव्ह लावलाय. तिळाचं फूल आठवा, जरा फुगवा, जांभळं रंगवा आणि अशी पन्नासेक फुलं छातीएवढ्या दांड्यावर टांगा.

इथल्या रानातला जांभळा फॉक्सग्लोव्ह पहिल्या वर्षी नुसता पाला दाखवतो, दुसऱ्या वर्षी फुलतो आणि बी टाकून मोकळा होतो. हा व्यवहार चिरंजीवांना पटेना, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकणाऱ्या जातींच्या मागे लागले. आधी फिकट पिवळा ग्रँडिफ्लोरा आला, मग मर्टोनेन्सिस. जांभळ्या-पिवळ्याचा हा संकर १९२०च्या दशकात लंडनजवळच्या मर्टनला, जॉन इन्स संस्थेत झाला. पण दोन-तीन वर्षांनी गड्डे फोडून लावले नाहीत, तर तोही राम म्हणतो.

बी मोहरीहून कितीतरी बारीक, आणि उगवायला उजेड हवा म्हणून मातीआड करायचं नाही. पेरणीच्या दिवशी नातवाला शिंकायचीही बंदी होती!

परवा तुमच्या विहीणबाईंनी लवदार पानं चाचपून विचारलं, "याची भाजी होते का हो?" चिरंजीवांच्या हातून झारीच पडली. मुळापासून बियांपर्यंत सगळं झाड विषारी.

तरी त्यातूनच औषध निघालं. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या गुप्त काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली कामाची ही, हे विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी ओळखलं. ते याच बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरी करत. १७८५ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. तुमची डिगॉक्सिनची गोळी याच्याच लॅनाटा नावाच्या भावंडाच्या पानांतून येते.

आता चिरंजीवांना बी तुमच्याकडे चिखलीला धाडायचंय. घाटाखाली शेगाव-मलकापूरला नाही, पण घाटावर जमेल, असा हिशेब. मे महिन्यातलं चाळिशीचं ऊन आणि पावसाळ्यात पाणी धरून बसणारी काळी माती त्या हिशेबात नाही. या झाडाला गारवा, अर्धी सावली आणि निचरा लागतो. शिवाय परदेशी बियाण्याला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, तो वेगळाच.

आणि तुमच्या फाटकाजवळची कण्हेर आहेच की! हृदयावर तसाच घाला घालणारं विष, बकऱ्या तोंड लावत नाहीत, ऊनही सोसते. चिरंजीवांचा फोन आला, की तिचंच भरभरून कौतुक करा. बियांचा विषय निघू देऊ नका.

कुरड्या मात्र नक्की पाठवा.

तुमची,
सूनबाई